प्रॉम्प्टरची खोली

दोन वर्षं आमच्या घरात एकच शब्द गाजत होता. बाबा टीव्हीसमोर बसले की पाच मिनिटांत म्हणायचे, "वाढव." मी आवाज वाढवायचो. लगेच पुन्हा, "वाढव." शेवटी समोरच्या घरची बाई तिच्या स्वयंपाकघरात बसून आमच्या टीव्हीवरची मालिका ऐकायची आणि मधेच तिचा डोळा लागला तर दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोला पुढचं विचारायला यायची. एवढं करूनही बाबांचं गाऱ्हाणं संपायचं नाही. "आवाज येते रे, शब्द नाई येत," असं म्हणायचे.

मग एक दिवस त्यांनी "वाढव" म्हणणंच सोडलं. जेवण झालं की सरळ ओट्यावर जाऊन रस्त्यावरच्या सायकली मोजत बसायचे. घर शांत झालं, पण मला ती शांतता सहन होईना. कारण बाबांनी आयुष्यभर शब्दांचीच चाकरी केली होती. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत ते प्रॉम्प्टर होते.

आमचं गाव वडसा. हिवाळ्यात इथून नाटक कंपन्या गावोगाव निघतात. आज एका गावाला एक नाटक, उद्या दुसऱ्या गावाला दुसरं. तालमी नावापुरत्याच होतात. नटाच्या डोक्यात एका वेळी चार-पाच नाटकं घोळत असतात. अशा वेळी विंगेत वही घेऊन बसलेला माणूस सगळ्यांना तारून नेतो. वाक्य नटाच्या कानात पडलं पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या पाटलाला त्याचा पत्ता लागता कामा नये. बाबांना या कामाचा केवढा अभिमान! "नट चुकला तं पब्लिक हसते, प्रॉम्प्टर ऐकू आला तं नाटक मरते," असं ते सांगायचे. एवढ्या वर्षांत आपला आवाज एकदाही बाहेर गेला नाही, असं ते छातीवर हात ठेवून म्हणायचे आणि त्यावर कुणी शंका घेतलेली त्यांना खपायची नाही.

नागपूरहून कानाचं मशीन आणलं होतं. बाबांनी ते चार दिवस लावलं आणि कपाटात टाकलं. "यात निरे भांडे आपटतेत," म्हणाले.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. आठवीला ध्वनीचा धडा वीस वर्षं शिकवून झाला होता, पण स्वतःच्या घरात टाळी वाजवून बघायचं कधी सुचलं नव्हतं. एका संध्याकाळी बैठकीच्या खोलीत उभा राहून वाजवली. सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी. टाळी चारही भिंतींना धडकून खणखणत राहिली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येक शब्दाच्या पाठीवर आधीच्या शब्दाचा प्रतिध्वनी येऊन बसत होता, आणि बाबांचं मशीन बिचारं सगळंच इमानदारीनं मोठं करून देत होतं. आवाज वाढवून काही होणार नव्हतं, खोलीच बदलायला हवी होती.

मी जाहीर केलं की घरात होम थिएटर करायचं. बायको म्हणाली, "आधी बाथरूमचा नळ करा." तिचं बरोबर होतं. म्हणून ठरलं की नवीन काही विकत घ्यायचं नाही. आपला टीव्ही, एका मित्राच्या माळ्यावरचे जुने स्पीकर, आणि मागची धानाची खोली. हल्ली धान शेतातूनच व्यापाऱ्याकडे जातो, त्यामुळे खोलीत फक्त मोडक्या खुर्च्या होत्या. लहानपणी ती छतापर्यंत धानाच्या पोत्यांनी भरलेली असायची. आम्ही आत लपायचो तेव्हा बाहेरून मारलेली हाक आत जेमतेम पोचायची. ते आठवलं आणि माझी विद्वत्ता जागी झाली. पोती आवाज गिळतात, तर पोतीच लावू!

राइस मिलमधून रिकामा बारदाना आणला. त्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, ठासून भरला, पोती शिवली आणि चारही भिंतींना खालपासून वरपर्यंत लावली. छतालाही लावली. फरशीवर सतरंज्या. मी इतका खूश होतो की बायकोला बोलावून टाळी वाजवून दाखवली. टाळीचा आवाज हातातच संपला.

"मस्त," ती म्हणाली. "आता उंदीर कधी येतेत ते पाहा."

ते आठवड्यात आले. तणसात धानाच्या चार लोंब्या राहिल्याच होत्या, आणि ही खोली पूर्वी कशाची होती ते उंदीर विसरले नव्हते. टीव्हीवर नायकाचा बाप मरणशय्येवर बोलत होता आणि स्पीकरच्या मागून खुडखुड चालली होती. बायको ओट्यावरचा झाडू घेऊन धावत आली. मी खुर्चीवर चढलो. तो गोंधळ ऐकून, म्हणजे पाहून, बाबा ओट्यावरून उठून आले. पोती लावल्यापासून खोलीत ते पहिल्यांदाच येत होते. कुणासाठी चाललंय हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर "माह्यासाठी कायले?" म्हणून आलेच नसते.

चारही भिंतींवरून त्यांनी नजर फिरवली. मग कपाटातलं मशीन आणून कानात बसवलं आणि मला म्हणाले, "बोल काही."

मी बोललो.

"तोंडावर उशी ठेवून बोलल्यावानी वाटते. खोली मारून टाकली तुनं. अरे, थोडा तं जीव ठेव तिच्यात!"

मला राग आला. तीन रविवार घालवले होते मी. पण बाबा आता ऐकायच्या नव्हे, सांगायच्या तयारीत होते, आणि असं मी त्यांना दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी मला मधल्या खुर्चीवर बसवलं. टीव्हीजवळ गेले, तोंड अर्धवट वळवलं आणि कुजबुजले. "शब्द आला का? आला तं हात वर कर." मी हात वर केला. एक पाऊल बाजूला सरकले, पुन्हा कुजबुजले. हात वर गेला नाही की तिथल्या भिंतीकडे बोट दाखवायचे. "हे पोतं काढ." काढायचो. "आता?" असा तासभर खेळ चालला. ज्यांना ऐकू येत नव्हतं ते बाबा माझ्या कानांनी खोली ऐकत होते. धड्यात यातलं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता रिक्षा करून एका नाटक कंपनीच्या ऑफिसात गेले आणि मखमलीचा जुना पडदा घेऊन आले. लाल रंग उडालेला, एका कोपऱ्यात पानाचा डाग. मी तो भिंतीवर ताणून ठोकायला निघालो तर ओरडले, "ताणू नको! चुन्या पाह्यजेत त्याले. अन् भिंतीपासून वीतभर दूर टांग." छतावरची दोन पोती तेवढी ठेवू दिली, तीही रिकामी करून, आत जुन्या गोधड्या घालून. मागची भिंत मात्र त्यांनी उघडी ठेवली. तिथे फळ्या ठोकायला लावल्या आणि आपली ट्रंक उघडली. प्रॉम्प्टिंगच्या वह्या. जाड, बारीक, काही बायंडिंग सुटलेल्या. त्या त्यांनी एक आत, एक बाहेर अशा मुद्दाम वाकड्यातिकड्या लावल्या. "सपाट ठेवशीन तं आवाज परत तोंडावर येईन," म्हणाले. तणस शेजारच्या गाईनं खाल्लं.

उद्घाटनाला काय लावायचं यावरून वाद झाला. बायकोला सिनेमा हवा होता. मी मात्र आधीच एक गोष्ट करून ठेवली होती. बाबांच्या एका नाटकाची व्हिडिओ कॅसेट घरात होती. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका माणसानं विंगेशेजारी कॅमेरा रोवून ती काढली होती. मी ती पेन ड्राइव्हवर उतरवून आणली होती. बाबांनी मशीन लावलं आणि मधल्या खुर्चीवर बसले. आजही त्यांनी "वाढव" म्हटलं, तर मग माझ्याकडे करण्यासारखं काहीच उरलं नसतं.

नाटक सुरू झालं. नायिका रडली, खलनायक हसला. बाबा ढिम्म. मी आवाज बैठकीत असायचा त्याच्या अर्ध्यावरच ठेवला होता, माझं बोट रिमोटवर होतं. मग नायक पुढे आला, भावाचा खून झाल्याचं त्याला कळलं, आणि तो गप्प झाला. सगळा मंडप गप्प. त्या गप्पपणात एक बारीक, स्पष्ट कुजबुज ऐकू आली. "आई, तुझा एक लेक गेला..." आणि पाठोपाठ नायकानं हंबरडा फोडला, "आई! तुझा एक लेक गेला!"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. ही कॅसेट आम्ही पूर्वी कितीदा लावली होती, पण ती कुजबुज कुणालाच कधी ऐकू आली नव्हती. तो बाबांचा आवाज होता, तरणा.

बाबा खुर्चीत ताठ झाले. चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा. पुढच्या वाक्याआधी पुन्हा कुजबुज आली आणि त्यांनी झटकन माझ्या हातावर हात ठेवला.

"कमी कर," ते म्हणाले. "अरे कमी कर ना लवकर! पब्लिकले ऐकू जाऊन राह्यलं."