टायरांची खांदेमळणी

आमच्या मारुतीची खांदेमळणी झाली, म्हणून ती शर्यतीतून बाद होण्याची वेळ आली.

खांदेमळणी बैलांची असते, हे मला माहीत आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या खांद्यांना तेल-हळद चोळतात. मारुतीला खांदे नसतात, हेही मला माहीत आहे. पण हे मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगावं लागेल असं वाटलंच नव्हतं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, अंबडची. सासरे गेल्यावर त्यांची मारुती घरात राहिली आणि ती चालवणारी मी एकटीच. (ह्यांना स्टिअरिंग नुसतं दिसलं तरी मळमळतं.) माहेरी टेंभुर्णीला मी वडिलांची जीप ढेकळांतून पळवलेली, त्यामुळे अंबडचा बाजार मला काहीच नव्हता. पण माझ्या नणंदेचे यजमान, औरंगाबादचे दाजी, यांचा त्या गाडीवर डोळा होता. आले की बोनेटवर हात फिरवत सासूबाईंना म्हणायचे, "मामी, गाडी इथं सडून राह्यली. मी घेऊन जातो. वहिनींना कुठं जायचं असतं?"

सासूबाईंचं मन हळूहळू वळत होतं. गाडी गेली असती तर मी पुन्हा एसटीच्या खांबाला लोंबकळले असते.

अशात एका मोटर क्लबाने जालन्याबाहेरच्या मुरमाड मैदानावर हौशी शर्यत ठेवली. एका वेळी एकच गाडी, झेंड्यांना वळसे घालत पळवायची. ज्याला सगळ्यात कमी वेळ लागेल तो जिंकला. एक गाडी दोघांनी आळीपाळीने चालवली तरी चालणार होती.

"वहिनी, लेडीजची येगळी फेरी हाय," दाजी म्हणाले. "त्यात हळू चालवलं तरी चालतंय."

"मी तुमच्याच फेरीत येते, ह्याच गाडीवर. तुम्ही जिंकलात तर चावी घेऊन जा."

"आन् तुम्ही जिंकल्या तर?"

"तर बोनेटवर हात फिरवायचा नाही."

"बराबर हाय," सासूबाई म्हणाल्या आणि गाडी पणाला लागली.

आता प्रश्न टायरांचा. क्लबाचा नियम कडक होता. दुकानात मिळणारं साधं रस्त्याचं टायर हवं. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेलं, नको, हाताने नक्षी कापलेलं नको, झिजून गोटा झालेलं तर नकोच. शिवाय टायरला काहीही लावायचं नाही, कारण काही चलाख लोक रबर मऊ करायला औषधं चोळतात. आमच्या गाडीची दोन टायरं गोटा, एक रिमोल्ड आणि चौथं मूळचं कुठल्या गाडीचं होतं ते देव जाणे. म्हणजे आमची गाडी उभ्या-उभ्याच बेकायदा होती.

ह्यांना घेऊन मी जालन्याला रशीदभाईंच्या टायरच्या दुकानात गेले.

"भाभी, ये लो, पक्कं टायर. नातवंडांपर्यंत चालंल," रशीदभाई म्हणाले.

"मला नातवंडांपर्यंत नको, शेवटच्या झेंड्यापर्यंत हवंय. मऊ दाखवा, जमीन धरून ठेवणारं."

"मऊ लवकर झिजतं," हे पुटपुटले. "टिकाऊच घे की."

"तुम्ही गाडीत बसणार आहात का?"

हे खुर्ची ओढून बसले. मी एकेका टायरात नख रुतवून बघायला लागले. अर्धं दुकान दाबून झाल्यावर रशीदभाईंचा धीर सुटला.

"भाभी, टायर हाय, आंबा न्हाई."

त्यांनी जीपचं जाडजूड नक्षीचं टायरही दाखवलं. मुरमात ते हटलं नसतं, जीव नुसता तुटला माझा! पण ते मारुतीला बसत नव्हतं आणि नियमातही नव्हतं. शेवटी मऊ, खोल नक्षीची आणि संपूर्ण कायदेशीर अशी चार टायरं घेऊन मी घरी आले. त्यानंतर घरात जो येईल त्याला मी चहाबरोबर नियम ऐकवत होते.

शर्यतीच्या सकाळी सासूबाईंनी विचारलं, "नवे टायर हायेत, पूजा करू का?"

"तुम्हाला काय करायचं ते करा, आत्याबाई," मी आतून म्हणाले. (मी स्वयंपाकघरात परात हातात धरून वळणांचा सराव करत होते.) निघताना टायरांवर पिवळं दिसलं, पण पूजेला हळद लागतेच, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

मैदानावर क्लबाचे तपासनीस वाकले. त्यांनी टायरवर बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं.

"हे काय आहे?"

"हळद," सासूबाई म्हणाल्या.

"आणि हे ओशट?"

"करडीचं तेल. चारी टायर चोळून काढलेत. बैलाचा भार खांद्यावर, म्हणून खांदे मळायचे. हिचा भार टायरावर. मंग टायरच मळले."

"टायरला काहीही लावलं की गाडी बाद."

माझं डोकं सणकलं. "अहो, तेलाने पकड वाढते का? उलट घसरणार आम्हीच! स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणाऱ्याला तुम्ही लबाड कसं म्हणता?"

"बिलकुल बाद करा साहेब," दाजी खुशीत म्हणाले. "वहिनींनीच घोळ घातला."

"गाडी बाद म्हणजे तुम्हीही बाद. तुमचं नाव ह्याच गाडीवर आहे."

दाजींचा चेहरा पडला. "मंग जल्दी धुवून काढतो ना साहेब. बुढीच्या अडाणीपणापायी माझं नुकसान कशाला?"

बुढी मागेच उभी होती. तिने पदर खोचला.

तपासनिसांनी धुवायची परवानगी दिली आणि पांढऱ्या शर्टातले दाजी उकिडवे बसून टायरं घासू लागले. जावई म्हणून पहिली फेरीही त्यांनाच मिळाली. पण नक्षीच्या खाचांत तेल उरलं होतं. पहिल्याच वळणावर गाडी घसरली, पुढे तर त्यांनी झेंडे असे आडवे केले की मैदानावर मळणी चालल्यासारखं वाटलं. परतले तेव्हा एक झेंडा बंपरमध्येच अडकलेला होता.

त्यांच्या फेरीने उरलंसुरलं तेल मुरमात पुसलं गेलं आणि मग मी बसले. काय टायरं होती ती! गाडी जमिनीला चिकटून वळत होती. एकाही झेंड्याला धक्का नाही. उतरले ती दोन्ही हात वर करूनच.

"ताई, दिवसभरातला सगळ्यात कमी वेळ तुमचा," तपासनीस म्हणाले. "पण दुसऱ्या झेंड्याला उजवीकडून जायचं होतं. तुम्ही डावीकडून गेलात. फेरी धरता येत नाही."

"डावीकडून जवळ पडत होतं," मी म्हणाले. मी पुष्कळ भांडले, पण त्या माणसाला जवळच्या रस्त्याची किंमतच नव्हती.

दाजींनी हात पुढे केला. "झेंडे पडले तरी माझी फेरी धरली. चावी द्या."

शब्द माझाच होता. मी चावी काढली. तेवढ्यात सासूबाईंनी ती माझ्या हातातून घेतली.

"मी अडाणी बुढी. मला शर्यतीतलं काय कळतंय? मला एवढंच दिसलं, एकानं समदे झेंडे पाडले, एकीनं एकबी न्हाई. गाडी अंबडलाच ऱ्हाईल आन् हीच चालवंल." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फकस्त कुठून वळायचं ते मी सांगंन."

त्या दिवशी सगळ्यात कमी वेळ माझाच होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. जालन्याचा रस्ता सरळ आहे, तरी सासूबाई प्रत्येक फाट्याला "उजवीकडं" म्हणतात, आणि भल्याभल्यांना मागे टाकणारी मी मुकाट्याने इंडिकेटर लावते.