दुसऱ्यांदा खुडूक

आमची तांबडी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली, त्याच आठवड्यात आजी गावाला विहिरीजवळ पडली. आजी म्हणजे आईची आई. तिचं कमरेचं हाड मोडलं, आणि गावाला तिचं करणारं दुसरं कुणी नव्हतं. आईने पत्र्याची ट्रंक बाहेर काढली आणि त्याच गडबडीत मोरीशेजारच्या कोपऱ्यात कोंबडीसाठी जुनी वेताची पाटीही मांडली. मी म्हटलं, निघायच्या वेळी हे कशाला? तर म्हणाली, "घरात कुणीतरी बसलेलं असू दे."

आम्ही तेव्हा नाहूरला, मिठागरांच्या बाजूला, एका बैठ्या चाळीत राहायचो. खोली शेवटची असल्यामुळे मागे थोडी जागा मिळाली होती. तिथे अळू होता, एक पपई होती आणि खोक्याच्या फळ्या ठोकून केलेलं खुराडं होतं. कोंबडा मात्र आम्ही ठेवला नव्हता. बाबा कारखान्यात पाळ्यांवर जायचे, दिवसा झोपायचे, त्यांना आरवणं सोसत नसे. कोंबडा होता पलीकडच्या ओळीतल्या मावशीकडे. त्यामुळे उबवायची अंडी तिच्याकडूनच यायची, आणि पिल्लं मोठी झाली की निम्मी तिला. निवडायचा पहिला मानही तिचाच.

मावशी नात्यातली नव्हे, मालवणकडची. तिला मूलबाळ नव्हतं. अंडी ठेवणारा हात लेकुरवाळीचा हवा, असं ती मानायची आणि आईही मानायची. म्हणून मावशीची स्वतःची कोंबडी खुडूक झाली तरी तिच्याखाली अंडी ठेवायला आई जायची. मावशी दारात उभी राहून नुसती बघायची. यात कुणाला काही बोचत असेल, हे तोवर माझ्या मनात आलं नव्हतं.

आईने पाटीत राख पसरली, वर सुकं गवत घातलं आणि विजांच्या कडकडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून तळाशी एक लोखंडी खिळा ठेवला. एकेक अंडं खिडकीकडे धरून बघितलं आणि कोंबडीच्या पोटाखाली सरकवलं. मला दोन गोष्टी बजावल्या. रोज एकदा कोंबडीला उठवून खायला घालायचं, नाहीतर ती उपाशी बसून राहते. आणि कॉलेजला जाताना किल्ली मावशीकडे द्यायची. "पिल्लं बाहेर पडायच्या आत मी येतेच," असं म्हणून ती बाबांबरोबर एस.टी. स्टँडवर गेली.

पहिली गोष्ट मी रोज केली. दुसरी केली नाही. किल्ली दिली की मावशी येणार, काय जेवलीस विचारणार, आणि मला रडू येणार, अशी मला भीती वाटत असावी. मी किल्ली पर्समध्येच ठेवायची.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. दुसरं वर्ष होतं, तरी वर्गात कुणाशी नीट ओळख झाली नव्हती. बाकीच्या मुली मुलुंडच्या सोसायट्यांमधल्या, शाळेपासून एकमेकींना ओळखणाऱ्या. एकदा मधल्या सुट्टीत त्यांच्यातली एक माझ्याकडे वळली.

"तू रोज एवढी पळत का जातेस गं घरी? कोण वाट बघतंय?"

"कोंबडी," मी खरं ते सांगितलं.

सगळ्या एवढ्या हसल्या की एकीच्या हातातला डबा सांडला. "अगं, झकास आहे ही!" विचारणारी म्हणाली. तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. मीही हसले. पण त्यानंतर त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही.

घरी बाबा एक तर झोपलेले असायचे नाहीतर कामावर गेलेले. त्यांचा डबा भरून ठेवला की मी पुस्तक घेऊन पाटीशेजारी बसायची. कोंबडी अर्धवट डोळे मिटून बसलेली असे. हात जवळ नेला की अंग फुगवून घशातून कुरकुर करायची. त्या खोलीत दिवसभरात माझ्याशी एवढंच कुणीतरी बोलायचं. कधी मी धडा मोठ्याने वाचायची. ती ऐकत नव्हती, हे मला कळत होतं.

तीन आठवडे संपत आले तेव्हा गावाहून आलेल्या माणसाकडून निरोप मिळाला: आजीचं तसंच आहे, आई एवढ्यात निघत नाही.

दोन दिवसांनी, रविवारी, अंड्यांतून चिवचिव ऐकू आली. बाबा घरी होते. ते पाटीपाशी उकिडवे बसले. कोंबडीच्या पंखातून एक ओलं डोकं बाहेर आलं. "आली वाटतं," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "तुझ्या आईला बघायला मिळायला हवं होतं." आणि उठून चहा ठेवायला गेले. एरवी ते कधी चहा करत नसत.

तेव्हापासून मी एक धरून बसले: आई येईपर्यंत ही सगळी पिल्लं तिला दाखवायची. एकही कमी होऊ द्यायचं नाही. मागच्या दारात हातात काठी घेऊन मी अभ्यास करायची. मिठागरांवरून घारी यायच्या. सावली पडली की कोंबडी एक वेगळाच आवाज काढायची आणि सगळी पिल्लं तिच्या पोटाखाली नाहीशी व्हायची. मी काठी घेऊन उठेपर्यंत तिचं काम झालेलं असायचं. कणी टाकताना आईसारखी "बाऽ बा बा" हाक मी मारून बघितली. माझ्या हाकेला पिल्लं आली नाहीत. कोंबडीने 'कुक् कुक्' केल्यावर आली.

पिल्लांना पंख फुटले, शेपट्या आल्या. आई आली नाही. मग एका सकाळी कोंबडीने कणी टिपायला जवळ आलेल्या पिल्लाला डोक्यात टोचलं. मला वाटलं चुकून. पण तिने दुसऱ्यालाही टोचलं, तिसऱ्याच्या मागे धावली. असं होतं हे मला माहीत होतं, दर वेळी बघितलेलं होतं. तरी मी खाली उतरून तिला म्हटलं, "अगं, थांब ना थोडे दिवस."

मावशीला कुठून कळलं कोण जाणे. संध्याकाळी टोपली घेऊन आली.

"तोडल्यान ना पिल्लांक? चल, माझो वाटो दी."

"मावशी, आई येईपर्यंत राहू देत का? तिने बघितलीच नाहीत."

"आवस येतली तेव्हा येतली गो. तेच्यासाठी ही काय ल्हान रवतली?"

ती रागावली नव्हती. तिने आपली पिल्लं निवडली. माझ्याकडे बघून एक चांगली ठिपक्यांची तलंग, पुढे अंडी देणारी मादी, टोपलीतून काढून परत खाली सोडली आणि तिच्या जागी एक मरतुकडं घेतलं. ती गेल्यावर मागची जागा फार मोठी दिसायला लागली.

कोंबडी पुन्हा अंडी घालायला लागली. परीक्षा जवळ आली. गावाहून निरोप यायचे, तेच ते. आणि एक दिवस कॉलेजातून आले तर तांबडी खुराड्यात अंग फुगवून बसलेली. हात नेला, तर तीच कुरकुर.

मी तिथेच खाली बसले. आई किती दिवस गावाला आहे हे मला कॅलेंडरवरून कळलं नव्हतं, ते त्या कुरकुरीने कळलं.

बाबा म्हणाले, "खुडूक मोडून टाक. पाण्यात बुडव, नाकात पीस खुपस, उतरते. तुझी परीक्षा आहे." त्यांचं बरोबर होतं. पण मी वाडगा घेतला तो पाण्यासाठी नव्हे, अंड्यांसाठी. तिला बसवायचं म्हणजे आई आणखी निदान तीन आठवडे येत नाही असं आपणच म्हणायचं, हे मला कळत होतं. मावशीच्या दारापर्यंत जाऊन मी एकदा परत फिरले. मग पुन्हा गेले.

"आवस इली काय गो?"

"नाही, मावशी. अंडी हवी होती."

"मगे कोण बसवतला तिका?"

"मीच."

मावशी हसली. "तुझां तर लगीन होवचां आसा. कुवारणीच्या हातान पिल्लां नाय गो, पुस्तकां बाहेर पडतली!"

"मग तुम्ही ठेवा."

तिचं हसू थांबलं. वाडग्यात अंडी ठेवता ठेवता म्हणाली, "माझ्या हाताक लागणा नाय."

"कधी ठेवून बघितलीत?"

तिने शेवटचं अंडं वाडग्यात ठेवलं. पण वाडगा माझ्या हाती न देता पदराखाली घेऊन ती आमच्याकडे आली. मी राख पसरली, गवत घातलं, खिळा ठेवला, कोंबडी आणून बसवली. मावशीने एक अंडं उचललं आणि खिडकीकडे धरलं, आईसारखंच. इतकी वर्षं दारातून बघितलेलं सगळं तिला पाठ होतं. हात पुढे नेला तर कोंबडीने मनगटावर टोचलं.

"चावली मेली!"

"मलाही चावते. आईलाही चावायची."

"आवशीकव?" मावशीने विचारलं, आणि मनगट चोळत कोंबडीकडे बघत राहिली. मग अंडं गवतावर ठेवलं. कोंबडीने मान वाकवून ते चोचीने पोटाखाली ओढून घेतलं. पुढची अंडी आम्ही दोघींनी ठेवली, एक तिने, एक मी.

निघताना तिने विचारलं, "फाल्या हिका उठवक कोण? तू कॉलेजात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली तिच्याकडे दिली. परत आले तेव्हा दार उघडं होतं, कोंबडी खाऊन पुन्हा पाटीत बसलेली होती, आणि मावशी तिच्यासमोर पाट घेऊन तांदूळ निवडत होती. मला बघून म्हणाली, "जेवलंस काय गो?"