कादंबरीतलं कबूतर

माझ्या नणंदेनं कादंबरी लिहिली, तेव्हा माझ्या पोटात दुखलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी शास्त्र, सिद्धांत असले शब्द वापरीन तेव्हा कुणाची फसगत व्हायला नको.

तसं तिच्यावरून माझं पोट दुखणं जुनंच. ती माझ्या यजमानांची धाकटी बहीण. हरसूलकडच्या एका दवाखान्यात नर्स होती, आता नाशिक रोडला एका कॉलनीत एकटीच राहते. आवाज गोड, हात मोकळा, आणि गोष्ट सांगायला बसली की गॅसवरचं दूध उतू गेलं तरी माणसं उठत नाहीत. मी शाळेत शिकवलं आणि दर रविवारी चर्चच्या संडे स्कूलमध्येही शिकवलं. पवित्र शास्त्रातलं कुठलंही वचन विचारा, अध्याय आणि ओवीसकट सांगेन. पण माझ्या धड्यानं कुणाच्या डोळ्यांत कधी पाणी आलं नाही. नणंद उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभी राहिली की पहिल्याच वाक्याला रुमाल निघायचे, आणि त्यात आमच्या यजमानांचाही असायचा.

मी एकदा न राहवून म्हटलं, "अहो, तिच्या साक्षीत प्रभू कमी आणि तीच जास्त असते."

ते म्हणाले, "असू दे गं. तुझ्या धड्यात तर तू अजिबातच नसतेस."

त्यावर मी चांगली फुरंगटून बसले होते. आता ते नाहीत आणि त्या वाक्याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

ते गेले तेव्हा आमची मुलगी कॉलेजात होती. एकुलती एक आणि बाबांची लाडकी. कबरस्तानात माती देऊन घरी आलो, पाहुणे पांगले, तेव्हा तिनं मला विचारलं, "आई, बाबा आता कुठं आहेत? ते बघतायत का आपल्याला?" मी तिला सगळं नीट सांगितलं. आत्मा प्रभूजवळ, देह मातीत, शेवटल्या दिवशी पुनरुत्थान. एक शब्द इकडचा तिकडं नाही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, मी परीक्षेला बसलेली नाहीये."

त्यानंतर तिनं चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही. मी रागावले, समजावलं, तिच्यासाठी प्रार्थना केली. ती नोकरीला लागली, घरी वेळेवर यायची, माझी औषधं आणायची, पण रविवार आला की तिच्या खोलीचं दार बंद.

आणि मग नणंदेची कादंबरी आली. आमच्या महिला मंडळाची सभा दर आठवड्याला कुणाच्या तरी घरी भरते. गाणं, प्रार्थना, चहा-चिवडा. तिथं ती एकेक प्रकरण वाचून दाखवायला लागली. आत्याचा एक फोन गेला आणि माझी मुलगी सभेला हजर. मी इतकी वर्षं विनवत होते त्याला दाद नाही, आणि आत्याच्या एका फोनवर स्कूटर घेऊन आली! दाराजवळ चपलांच्या बाजूला बसून ऐकत होती. कादंबरी एका कुटुंबाची होती. बाप अचानक जातो आणि मागं आई व लहान मुलगी उरतात. प्रकरण संपलं तेव्हा दिंडोरीहून येणाऱ्या आमच्या मावशी डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या, "लय भारी लिव्हलंय बाईनं. काळीज हाललं माझं." मी काळीज कसलं, प्रकरणही धड ऐकलं नव्हतं. मी मुलीच्या तोंडाकडं बघत होते. ती रडत होती. माझ्यासमोर एकदाही न रडलेली मुलगी आत्याच्या कागदांपुढं रडत होती.

काही दिवसांनी चर्चच्या पाळकसाहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "बाई, हे पुस्तक मंडळीच्या वतीनं हंगामाच्या सणाला निघतंय. तुम्ही सिद्धांताच्या नजरेनं एकदा वाचून द्या. उपदेश ऐकताना लोक सावध असतात, गोष्ट ऐकताना नसतात. गोडाबरोबर काय पोटात गेलं ते कळत नाही."

त्या बिचाऱ्यांना काय माहीत, ते कुणाच्या हातात काय देताहेत. मी कागद छातीशी धरून घरी आले आणि लाल पेनाचं टोपण काढलं.

पहिल्या काही पानांवर मी इतक्या खुणा केल्या की कागदाला गोवर आला. नायिकेचा दारुडा भाऊ देवाला शिव्या देतो, खूण. शेजारीण म्हणते देव कोपलाय, खूण. मग माझी मलाच लाज वाटली. दारुडा माणूस शिव्या देणार नाही तर काय स्तोत्र म्हणणार? मला चुका हव्या होत्या म्हणून सापडत होत्या. तेव्हा मी त्या खुणा खोडून स्वतःला एक नियम घातला. पात्र चुकलं तर चालतं, गोष्ट चुकायला नको. पात्राच्या तोंडी काय आहे ते सोडून द्यायचं. शेवटी गोष्ट कुणाला खरं ठरवते, कशावर वाचणाऱ्याला विसावा देते, एवढंच बघायचं. हा नियम आजही मी कुणालाही सांगीन. चांगला आहे. वाईट इतकंच की तो लावल्यावर नणंदेचं पुस्तक चांगलं निघायला लागलं, आणि माझा जळफळाट आणखीच वाढला.

मग ते कबुतराचं पान आलं.

बाप जाऊन थोडे दिवस झालेत. आई त्याच्या आवडीचा मसालेभात करते आणि खिडकीत ठेवते. एक पाखरू त्याला शिवत नाही. शेवटी आई हात जोडून म्हणते, "पोरीचं शिक्षण मी पुरं करीन, काळजी करू नका." तेवढ्यात पांढरंशुभ्र कबूतर येतं आणि भात टिपतं. मुलगी हसते. बाबा शांत झाले, असं म्हणते. आणि गोष्टही तसंच म्हणते.

मी पेन खाली ठेवलं. हे मी पाहिलं होतं. आमच्या शेजारच्या काकूंचे यजमान गेले तेव्हा दहाव्याला आम्ही गोदाघाटावर गेलो होतो, मी आणि नणंद दोघी. कावळा पिंडाला शिवेना. सगळे ताटकळले. मग मुलगा पुढं होऊन म्हणाला, "बहिणीचं सगळं मी बघीन," आणि कावळा शिवला. काकूंना त्या दिवशी जे समाधान वाटलं ते मी डोळ्यांनी बघितलंय, त्यांच्या श्रद्धेला मी नावं ठेवणार नाही. पण नाशिकला जन्म काढलेल्या आमच्या लेखिकाबाईंनी तोच कावळा उचलला होता, त्याला पांढरा रंग देऊन कबूतर केलं होतं आणि ख्रिस्ती कादंबरीत आणून बसवलं होतं. कबूतर म्हणजे आमच्याकडं पवित्र आत्म्याची खूण, त्यामुळं पाळकसाहेबसुद्धा गाफील राहिले असते. आमच्या श्रद्धेप्रमाणं गेलेला माणूस पाखरू होऊन येत नाही, आणि त्याची शांती आमच्या वचनावर अडून बसत नाही. मला इतका आनंद झाला की मी उठून स्वतःसाठी पुन्हा चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून नाशिक रोड गाठलं. नणंद दारातच म्हणाली, "सलाम वहिनी, या या." मी बसले आणि पान तिच्यापुढं ठेवलं. सांगितलं काय ते. वाटलं होतं, रडेल, चिडेल, निदान वाद घालील. ती पान वाचत राहिली आणि एकदम हसली.

"खरंच की हो वहिनी! हा घाटावरचा कावळाच आहे. मला लिहिताना कळलंच नाही."

इतक्या सहज मान्य केलं तिनं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चूक कबूल करतानाही ही बाई माझ्यापेक्षा चांगली दिसते.

मग तिचं हसू मावळलं. "पण हे पान तुमच्या लेकीला सगळ्यात आवडलंय. ती रोज बाल्कनीत तांदूळ ठेवते ना, त्या सभेत ते ऐकल्यापासून."

ते तांदूळ मी रोज बघत होते. पोरीला चिमण्यांची हौस लागली, असं समजून केर काढताना कटकट करत होते. माझ्या बाल्कनीत काय चाललंय ते मला नाशिक रोडला येऊन कळत होतं.

"मग राहू देऊ का पान?" नणंदेनं विचारलं.

राहू दे म्हटलं तर मुलगी जन्मभर खिडकीत पाखराची वाट बघणार, आणि एखाद्या दिवशी नाही आलं की बाबा रागावले म्हणून झुरणार. काढ म्हटलं तर आज तिच्या हातात आहे तेवढंही जाणार. मी म्हटलं, "काढ."

"काढते. पण मग त्या पोरीला सांगू काय? मला तर हेच सुचलं होतं. तुम्ही लिहा वहिनी. शास्त्र तुम्हाला येतं."

मी आढेवेढे घेतले आणि शेवटी हो म्हटलं. "पण माझं नाव कुठंही नको. आणि कुणाला सांगायचं नाही, शब्द दे." नम्रपणानं नव्हे बरं. तिच्या कादंबरीच्या शेपटीला लटकून 'साहाय्य' म्हणून माझं नाव यावं, हे मला कमीपणाचं वाटलं. तिनं शब्द दिला.

लिहायला बसले तर पहिल्या झटक्यात तोच धडा उतरला. आत्मा, देह, शेवटला दिवस. सगळं बरोबर. फाडून टाकला. दुसरा फाडला. मग यजमानांचं ते वाक्य आठवलं, तुझ्या धड्यात तू अजिबातच नसतेस, आणि त्यांच्यावर जुना राग धरूनच मी लिहीत सुटले. गोष्टीतली आई मुलीला सांगते:

"तुझ्या बाबांना पंख कधीच नव्हते. त्यांना गुडघे होते. चर्चमध्ये टेकले की कट्कन वाजायचे आणि तू तोंडावर हात धरून हसायचीस. ते गुडघे आता मातीत आहेत. आपली काळजी वाहण्याचं काम बाबांकडं नाही, ते दुसऱ्याकडं आहे, आणि बाबाही त्याच्याच हवाली आहेत. एक दिवस तो त्यांना हाक मारील. तेव्हा ते पाखरू होऊन नाही, तुझे बाबा होऊन उठतील. त्याच गुडघ्यांवर. फक्त ते वाजणार नाहीत."

मुलगी म्हणते, "थोडे वाजले तरी चालतील."

ते गुडघे माझ्या यजमानांचे. बाकावर कडेला ते, मध्ये मुलगी आणि तिच्या पलीकडं मी. नणंद गाणाऱ्यांत पुढं बसायची, पेटीच्या शेजारी. तिनं तो आवाज कधी ऐकलेला असणं शक्यच नव्हतं.

हंगामाच्या सणाला चर्चच्या आवारात नेहमीप्रमाणं लिलाव मांडला होता. लोकांनी नव्या पिकातून अर्पण म्हणून आणलेले भोपळे, कोंबड्या, तांदळाची पोती आणि दिंडोरीच्या मावशींच्या मळ्यातली द्राक्षं. एका टेबलावर नवी पुस्तकं. मुलगी उपासनेला आली नव्हती, पण आत्याचं पुस्तक म्हणून लिलावाच्या वेळी आली. एक प्रत घेतली आणि कडुनिंबाखाली उभी राहून पानं उलटायला लागली. काय शोधते आहे ते मला कळलं. कोंबडीवर बोली चढत होती, लोक हसत होते आणि मी एकदा तिच्याकडं, एकदा फाटकाकडं बघत होते. कबूतर सापडलं नाही की ही पोर आता फाटकाबाहेर जाणार आणि परत येणार नाही, असंच मला वाटत होतं.

ती बराच वेळ एकाच पानावर होती. मग पुस्तक मिटून आली आणि सगळ्यांदेखत आत्याच्या गळ्यात पडली.

"आत्या, कबूतर काढलंस म्हणून आधी इतका राग आला मला! आणि मग ते गुडघे... तुला कसं गं ते माहीत? बाबांनीच सांगितलं असेल ना?"

नणंदेचा चेहरा लाल झाला. तिनं मुलीच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. "अगं, ते पान..." ती म्हणाली आणि थांबली. मी नुसती मान डोलावली असती तर तिनं शब्द मोडून सगळं सांगितलं असतं. आणि मला सांगायचं होतं, देवाशपथ सांगायचं होतं. त्या मिठीत मी हवी होते. ओळी माझ्या, गुडघे माझ्या नवऱ्याचे, लेक माझी, आणि पदर मात्र तिचा भिजत होता.

पण मला माझी मुलगी माहीत आहे. आईनं लिहिलं म्हटल्यावर ते पान पुन्हा धडा झालं असतं, आणि तिनं पुन्हा सांगितलं असतं की मी परीक्षेला बसलेली नाही. मी नणंदेकडं बघून मान आडवी हलवली.

मुलगी डोळे पुसत माझ्याजवळ आली. पुस्तक छातीशी धरलेलं. म्हणाली, "आई, आपला बाक अजून तोच आहे?"

"तोच आहे."

"मी येत्या रविवारी येते. बाबांच्या जागी, कडेला बसीन."

ती माझा हात धरून म्हणाली, "आत्या किती छान लिहिते ना, आई?"

"हो गं," मी म्हटलं. "छान लिहिते तुझी आत्या."