ताईचं चुकलेलं माप

ताई गेली तेव्हा तिचा हात वैजयंतीच्या हातात होता, माझ्या नाही. महिना होऊन गेला, पण हे अजून माझ्या घशाखाली उतरत नाही. आठ दिवस मी दवाखान्यात तिच्या उशाशी बसून होते. तासाभरासाठी मुलुंडला घरी आले, डोक्यावरून पाणी घेऊन टॉवेल गुंडाळतेय तर फोन... "शोभाताई, लवकर या. ताई गेल्या." वैजयंती बोरिवलीची, जन्मापासून तिला दिसत नाही, ताईची न् तिची ओळख ब्लॉगवरची. सख्खी बहीण मी, आणि बातमी मला तिने द्यायची! रडू यायच्या आधी मला राग आला, खोटं कशाला बोलू.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लहानपणी पोलिओ झाला, पुढे चाकाच्या खुर्चीत बसली. आईमागे घरात आम्ही दोघीच. मी पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल लावते. ताईचं सगळं मीच करायचे, तिच्या वाटचं बोलणंसुद्धा. डॉक्टर मला विचारायचे, "यांना कुठे दुखतं?" ताई खाली बघत बसायची आणि मी फडाफडा उत्तरं द्यायचे. मला ते आवडायचं... जरा जास्तच आवडायचं.

मग मामेबहिणीच्या मुलीचं लग्न झालं. हॉलला पाच पायऱ्या. चार बाप्ये धावत आले आणि त्यांनी ताईला खुर्चीसकट उचललं. "सांभाळून रे, भिंतीला लागेल," एक जण म्हणाला. घरी आल्यावर ताई म्हणाली, "शोभे, मी काय कपाट आहे का गं?" दुसऱ्या दिवशी तिने मोबाइलवर ते सगळं लिहून काढलं, ब्लॉग सुरू केला आणि मला म्हणाली, "तुझी टेप घे. बघूया तरी, आपल्या मुलुंडात मला कुठे कुठे जाता येतं." माझ्या टेपचा पहिला इंच झिजून गेलाय. एकच्या आकड्यापासून धरायचं आणि शेवटी एक इंच सोडून द्यायचा. मी माप सांगितलं की ताई हटकून विचारायची, "एक सोडलास ना?" बँक, दवाखाना, देऊळ, मिठाईचं दुकान... पायरी किती उंच, दार किती रुंद, आत खुर्ची वळते का, एवढंच ती लिहायची.

मला वाटलं, कोण वाचणार हे? वाचणारे निघाले की! कुबड्यांवर चालणारा अंधेरीचा दिनेश, ही वैजयंती, कितीतरी. सगळे आपापल्या गल्लीतली मापं पाठवायला लागले. एक बाई तर कित्येक वर्षं घराबाहेर पडली नव्हती, ती ताईचं वाचून नाटकाला जाऊन आली. मग फोन सुरू झाले, जुहूला भेटणं सुरू झालं. ताईचा आवाजच बदलला. बँकेतला साहेब मला म्हणाला, "यांची सही लागेल," तर ताई ताडकन म्हणाली, "मला सांगा ना. खातं माझं आहे, कानही माझेच आहेत." सगळी बँक हसली. मी नाही हसले. घरीही ती तासन् तास फोनवर खिदळायची आणि मी भाकऱ्या थापत जळायचे. एकदा न राहवून म्हटलं, "माझ्याशी बोलताना इतकं कधी हसली नाहीस बाई." ती म्हणाली, "तू बोलू दिलंस तर ना!" चेष्टेतच म्हणाली, पण मला लागलं.

पुढे त्या सगळ्यांनी एका रविवारी घाटकोपरच्या एका हॉटेलात जेवायला जायचं ठरवलं. मी एका गिऱ्हाइकाचे ब्लाऊज द्यायला तिकडे जाणारच होते, म्हणून ताईने येताना माप आणायला सांगितलं. हॉटेलच्या दाराशी झकास उतार होता, पायरी एकही नाही. मी पिशवीतून टेप काढलीच नाही. घरी येऊन सांगितलं, "दोन पायऱ्या आहेत. सात-सात इंच. वाट लागेल तुझी."

"एक सोडलास ना?"

"सोडला गं."

ताईने तसंच लिहिलं आणि बेत रद्द झाला. त्या रविवारी मी तिच्यासाठी कोंबडी-वडे केले. दोन वडे खाऊन ती खिडकीशी जाऊन बसली.

त्यानंतर काय झालं कोण जाणे, कुठेही जायचं झालं की ताई मला बरोबर न्यायला लागली. "टेप धरायला शोभाच हवी," असं वैजयंतीच्या देखत म्हणायची. मी टेप गळ्यात घालून मिरवायचे. जिंकले असंच वाटायचं मला.

ताईच्या शोकसभेला आमच्या सोसायटीच्या हॉलात ही सगळी मंडळी आली. दारात एक पायरी आहे हे त्यांना ब्लॉगवरून ठाऊक, म्हणून फळी घेऊनच आली. बोलता बोलता दिनेश म्हणाला, "ताईंचं माप एकदाच चुकलं, घाटकोपरच्या हॉटेलचं." सगळे मायेने हसले. मी खाली मान घालून बसले. त्या ब्लॉगची एकही ओळ मी आजवर जळफळाटापायी वाचली नव्हती. घरी येऊन वाचली. हॉटेलच्या मापाखाली दिनेशने लिहिलं होतं, "ताई, मी जाऊन आलो. पायरी नाही, चांगला उतार आहे." खाली ताईचं उत्तर होतं. "चूक माझी. लिहिताना माझा घोटाळा झाला. माझी बहीण मापात कधी चुकत नाही." त्या रविवारनंतर चारच दिवसांनी लिहिलेलं... आणि त्याच आठवड्यापासून ती मला बरोबर न्यायला लागली होती.

लाज मला नंतर वाटली. आधी काय वाटलं सांगू? यांना ताईने वेळ दिला, हसू दिलं, शेवटी हातही दिला. पण हे पांघरूण तिने फक्त माझ्यावर घातलं. हे माझं एकटीचं, कुणाला सांगायचं नाही. इतके दिवस धरून बसले. पण माझं पाप ताईच्या नावावर, आणि ते लोक तिची चूक म्हणून ते हसत हसत सांगत राहणार... ते काही सहन होईना.

काल घाटकोपरला गेले. दाराशी बसून टेप लावली आणि तिथूनच वैजयंतीला फोन केला. ब्लॉग आता तीच चालवते, तिचा मोबाइल तिला सगळं वाचून दाखवतो. म्हटलं, "लिही. पायरी नाही. दार चौतीस इंच. आणि खाली लिही, मागचं माप ताईने चुकवलं नव्हतं. शोभाने खोटं सांगितलं होतं."

तिने माझे शब्द जसेच्या तसे परत म्हणून दाखवले. मग हळूच म्हणाली, "एक सोडलात ना?"

माझ्या ताईचा प्रश्न, आणि तिच्या तोंडी! परत जळले मी. पण टेपकडे बघितलं, बोट पस्तीसच्या आकड्यावर होतं.

"सोडला गं," मी म्हटलं.