पुढे ओढलेली सीट

"अगं पण आत कोण बघणार आहे?"

"मी."

"तू नाही गं, लोक. लोक गाडी बाहेरून बघतात. दारं बंद, काचा बंद, विषय संपला."

"माझ्या गाडीची दारं उघडतात."

"मग चिकटवून टाक."

असं बोलणारा माणूस आपला सख्खा भाऊ असावा, याचं चिमटीला मनापासून वाईट वाटलं. चिमट्यात धरलेला आरसा, मुगाच्या डाळीएवढा, तिने डबीत ठेवला आणि डबीचं झाकण जरा जास्तच जोरात लावलं.

दादाची घाई समजण्यासारखी होती. परवा त्याच्या गाड्या भाड्याने देण्याच्या ऑफिसचं उद्घाटन होतं. काउंटरवर काचेची पेटी येऊन बसली होती, तिच्यात, बाबा प्रवासी भाडी मारत त्या जुन्या गाडीची चिमटीने केलेली प्रतिकृती ठेवायची होती. मागच्या भिंतीवर पेंटरने अक्षरंही रंगवून ठेवली होती: 'शेवटच्या दिवसापर्यंत स्टिअरिंगवर. एक ओरखडा नाही.' बाबा गेले तेव्हा दादा शाळेत होता; त्यांच्याबद्दलचं हे वाक्य तो तेव्हापासून सांगत आला होता. आता ते भिंतीवर आलं, इतकंच.

चिमटी हे तिचं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने तिला फक्त बँकेत हाक मारत. ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर, कधी न पाहिलेल्या माणसांचे दात बनवायचे. साचा हातात आला की ती आधी तो उजेडात फिरवून बघे आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईला सांगे, हा झोपेत दात खातो, ही एकाच बाजूने चावते, हा माणूस ओठात खिळे धरतो, बहुतेक सुतार असावा. शेजारीण म्हणे, तू कॅप बनव, कुंडली मांडू नकोस. पण चिमटीला राहवायचं नाही. एखादी वस्तू तशी का झिजली, हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे.

संध्याकाळी हेच डोळे आणि हीच बोटं खिडकीजवळच्या टेबलावर गाड्या बनवत. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाच्या. लॅबमधून टाकून दिलेली ड्रिलची टोकं, दात चकाकवायची पेस्ट, हेडलाइटच्या आत चॉकलेटची चांदी, सीटना फाटक्या हातमोज्याचं कातडं. पण शोरूममधल्या चकचकीत गाड्या तिला आवडत नसत. तिने दवाखान्यासमोरची अँब्युलन्स केली ती पुसट झालेल्या अक्षरांसकट. कचऱ्याची गाडी केली तर मागच्या दांडीवर वाळत घातलेले हातमोजेही केले. गाडी वापरणारा माणूस गाडीत दिसला पाहिजे, एवढाच तिचा हट्ट.

आणि नेमके बाबाच गाडीत मावत नव्हते.

झालं असं की तिच्याकडे गाडीचा एक स्वच्छ फोटो होता, बाजूने काढलेला. त्यावरून तिने सीट केली, फोटोत दिसते तिथे बसवली. मग अंदाज घ्यायला पुठ्ठ्याचे बाबा कापले, मापात. बाबा उंच, दारातून आत येताना मान वाकवायची सवय असलेले. पुठ्ठ्याचे बाबा सीटवर बसवले तर त्यांचे गुडघे डॅशबोर्डातून पलीकडे गेले. चिमटी म्हणाली, माझा डॅशबोर्ड चुकला. तिने तो पुन्हा केला. गुडघे तिथेच. मग स्टिअरिंगचा दांडा बदलला, मग जमीन खाली घेतली, शेवटी बाबांच्याच मांड्या कात्रीने कमी केल्या आणि स्वतःचीच लाज वाटून नवे बाबा कापले. फोटो चुकेल, मोजपट्टी चुकेल, आपला हात तर नक्कीच चुकेल. पण त्या सीटवर दुसरंच कुणी बसत असेल, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

त्यासाठी तिला मिस्त्रीकाकांच्या गॅरेजमध्ये जावं लागलं. बाबांच्या गाडीला दुसऱ्या कुणाचा पाना लागलेला नव्हता. काका एका व्हॅनखाली आडवे होते, फक्त पाय बाहेर. चिमटीने त्या पायांना विचारलं, की काका, बाबांच्या गाडीची सीट किती पुढे-मागे सरकायची?

"कुणासाठी?" पाय म्हणाले.

"कुणासाठी म्हणजे?"

"तुझ्या बाबांसाठी अगदी मागे. बाईंसाठी अगदी पुढे."

"कुठल्या बाई?"

काका घसरत बाहेर आले. गंमत करतेय का, ते त्यांनी आधी पाहिलं. मग म्हणाले, अगं, तुझी आई. पाय पुरत नव्हते तिचे. पेडलवर बसवायला लाकडी ठोकळे मीच करून दिले होते, वर रबर लावून, पट्ट्याने बांधायचे आणि सोडायचे. बोलता बोलता त्यांनी अंगठा आणि बोट ताणून ठोकळ्याची जाडी दाखवली. चिमटीने खिशातून मोजपट्टी काढून त्या दोन बोटांमधलं अंतर मोजलं. दुसरं काय करावं, हे तिला सुचलंच नाही.

घरी येऊन तिने आईला काही विचारलं नाही. आगपेटीच्या काडीतून दोन ठोकळे कापले, त्यांवर सायकलच्या ट्यूबचं साल चिकटवलं, पेडलवर बसवले. सीट फोटोतल्यासारखी पुढेच राहू दिली आणि गाडी टेबलावर ठेवून दिली. आई चहा घेऊन आली. चष्मा कपाळावर चढवून, वाकून तिने आत पाहिलं. बराच वेळ ती वाकलेलीच राहिली.

"काढ ते," ती म्हणाली.

"होते ना पण?"

"होते. काढ."

मग आई खुर्चीत बसली, आणि चिमटीला विचारावं न लागता, तुकड्यातुकड्याने, सगळं बाहेर आलं. आधी बाबांना समोरच्या गाडीचे दिवे टोचायला लागले, मग एका खांबाचे दोन दिसायला लागले. डॉक्टर म्हणाले, दिवसा हरकत नाही, अंधार पडल्यावर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. आणि भाडी सगळी अंधारातलीच, पहाटेची नाहीतर रात्रीची. म्हणून गोदामामागच्या रिकाम्या मैदानावर आई शिकली. बाबा शेजारी बसून ओरडायचे, गिअर आहे तो, नळ नाही, पिळू नकोस. परीक्षा देऊन तिने लायसन्सही काढलं. एक गिऱ्हाईक तिला स्टिअरिंगवर बघून तावातावाने उतरून गेलं. एक आजीबाई मात्र सगळा रस्ता घोरत आल्या आणि उतरताना म्हणाल्या, अशी झोप घरी लागत नाही. आपल्या गल्लीच्या अलीकडे गाडी थांबायची. दोघं जागा बदलायचे, आई इकडे, बाबा तिकडे. मुलांना सांगितलं होतं, आईला साबणाच्या कारखान्यात पाळी आहे.

साबणाचा कारखाना. चिमटीने डोळे मिटले. आईच्या हातांना साबणाचा वास कधीच नव्हता. जगाच्या दातांची पंचाईत करणाऱ्या आपल्याला हे कसं कळलं नाही?

"बाबांनी सांगू नको म्हटलं होतं?"

"ते तर सांगायला निघाले होते. एकदा जेवताना सुरुवातही केली, मी टेबलाखालून लाथ मारली." आईने कप फिरवला. "तुझा दादा शाळेत पोरांशी मारामाऱ्या करायचा, माझ्या बाबांसारखी गाडी कुणाला येत नाही म्हणून. त्याचा बाप त्याच्यापासून कसा काढून घेऊ?"

चिमटी म्हणाली, गाडी एकच आहे आणि सीट एकाच जागी राहू शकते. बाबांची जागा करायची तर मागे नेते. तू सांग.

आईने चहा संपवला. उठताना पुन्हा वाकली, करंगळीचं नख आत घातलं आणि सीट आणखी किंचित पुढे ढकलली.

"एवढी मागे नव्हती," ती म्हणाली.

दादा दुसऱ्या दिवशी दुपारी आला, कापूस भरलेलं खोकं घेऊन. गाडी बघून त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. नंबर, मागच्या दिव्याची तडकलेली काच, टपाला आलेली फिकट झाक, एकेक गोष्ट तो बोट न लावता दाखवत सुटला. मग त्याने दार उघडलं.

"ही सीट घसरलीय बघ पुढे. आणि आत काड्या राहिल्यात तुझ्या."

चिमटीने आईकडे पाहिलं. आई मटार सोलत होती.

"काड्या नाहीत त्या," आई म्हणाली. "माझे पाय पुरायचे नाहीत."

दादा हसला. हसणं थोडा वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं, मग त्याला ते कुठे ठेवावं कळेना. आईने त्याला चिमटीला सांगितलं तितकं सविस्तर सांगितलं नाही; डोळे, अंधार, मैदान, कारखाना नव्हताच, एवढंच. तो मध्ये मध्ये नुसतं 'पण' म्हणत होता.

"शेवटच्या दिवशी पण?" त्याने शेवटी विचारलं.

"शेवटच्या दिवशी पण. ते शेजारी बसले होते. रस्ता सोडून माझ्या हातांकडे बघत होते, चूक सापडते का म्हणून."

दादाने खोलीत एक फेरी मारली. मग धंद्याच्या आवाजात म्हणाला, हे बघा, भिंत रंगून झालीय, लोकांना बोलावलंय, आता ऐनवेळी काही बदलायला नको. आत काय असेल ते असू दे, माझी हरकत नाही. फक्त काचांना काळी फिल्म लाव. बाहेरून गाडी ती गाडीच.

"बाबांच्या गाडीला काळी काच?" चिमटी म्हणाली. "त्यांनी मागच्या काचेवर साधं स्टिकर लावू दिलं नव्हतं."

"तू गप्प बस, तुझ्या मोजपट्टीने हे सगळं झालंय. आई, तूच सांग. काळी लावायची ना?"

आईने मटारांची ताटली बाजूला सारली. पदराला हात पुसले.

"तुझी ती नवी गाडी खाली उभी आहे?"

"आहे. का?"

"मी चालवते. तुझ्या ऑफिसपर्यंत. तू शेजारी बसशील?"

दादा तिच्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने प्रतिकृतीचं इवलंसं दार नखाने लावलं, गाडी उचलून कापसात ठेवली, खोकं दोन्ही हातांत सपाट धरलं, आणि काचांना फिल्म न लावताच, एकटाच निघून गेला.