अक्कांच्या नावावरचं पुस्तक

अक्कांच्या वाचनालयात पुस्तकाचं नाव दिसत नसे. प्रत्येक पुस्तकाला जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर आणि पाठीवर शाईने घातलेला एक आकडा, बस्स. कपाटासमोर उभं राहिलं की रद्दीच्या दुकानात आल्यासारखं वाटायचं. आपण हळू आवाजात नाव सांगायचं, मग अक्का गुडघ्यावर हात ठेवून उठणार, पुस्तक काढणार आणि टेबलावर पालथं ठेवणार. पोथी नेणारा आणि चावट गोष्टी नेणारा, दोघंही सारखाच कागद काखेत मारून बाहेर पडत. "दारातनं भाईर पडताना समदे सज्जन," अक्का म्हणायच्या.

गावाचं नाव मी सांगणार नाही. शिक्रापूरपासून शिरूरपर्यंत हायवेला लागून कुठेही धरा. एकीकडे कंपन्यांच्या बसगाड्या, दुसरीकडे जमिनी विकून उठवलेल्या भाड्याच्या खोल्या, मध्ये हे वाचनालय. अक्कांचं खरं नावही सांगणार नाही, त्यांना ते मुळीच खपलं नसतं.

मी रांजणगावच्या एका कंपनीत नोकरीला लागलो आणि गावात खोली घेतली, तेव्हाची गोष्ट. वाचनालयातून नेलेल्या रहस्यकथेचं शेवटचं पान फाटलेलं निघालं. मी तणतणत गेलो आणि माझ्याआधी हे पुस्तक कुणी नेलं होतं ते विचारलं. अक्कांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुला पान पाहिजेल का मानूस?"

"पान."

"मंग बस. शेवट मी सांगते. मानसाचं नाव न्हाई सांगायची."

आणि त्यांनी तो शेवट हातवारे करून असा रंगवून सांगितला, की छापलेला शेवट इतका चांगला असेल असं मला वाटत नाही.

याचा अर्थ अक्का अबोल होत्या असा कुणी घेऊ नये. त्यांच्याइतकी भोचक बाई मी दुसरी पाहिली नाही. पगार किती, लग्न का जमत नाही, खोलीमालक पाणी सोडतो का, सगळं त्यांना हवं असायचं. मिश्री लावता लावता त्या अख्ख्या गावाची चौकशी करत. फक्त आत गेलेलं बाहेर येत नसे. एकदा निवडणुकीच्या दिवसांत एका उमेदवाराचा माणूस आला. कुठल्या आळीतली पोरं कुठला पेपर वाचतात, एवढंच त्याला हवं होतं. अक्का म्हणाल्या, "समदी शब्दकोडं सोडिवत्यात. सायबांना सांगा, आडवे शब्द सोपे हायती, उभे जड जात्यात." तो माणूस ते खरंच लिहून घेऊ लागला होता.

पुढे कुणीतरी वाचनालयाला एक जाडजूड कादंबरी भेट दिली. विषय ऑनलाइन पाळतीचा. काचेच्या उंच इमारतीत एक कंपनी बसलेली, जगातल्या सगळ्यांचे निरोप गुपचूप वाचणारी, कुणाला काय कळू द्यायचं तेही तीच ठरवणारी. तिथे कामाला असलेल्या एका पोरीला हा प्रकार कळतो आणि कंपनी तिच्या मागे लागते. अक्कांनी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. अक्कांकडे साधा बटणांचा फोन होता, तोही त्यांनी कापडी पिशवीत गुंडाळून ठेवायला सुरुवात केली. मी हसलो. "हस बाबा. तुझं समदं त्यांना ठावं हाय, म्हनून तुला हसू येतंय," त्या म्हणाल्या.

याच सुमाराला वाचनालयात एक सून येऊ लागली. तिला आपण सोनल म्हणू, खरं नाव अर्थात दुसरं. घरची माणसं खाऊनपिऊन सुखी होती, मागच्या जागेत भाड्याच्या खोल्या, नवरा कंपनीत. हा नवरा रोज संध्याकाळी तिचा फोन घेऊन बसायचा. कुणाशी बोलली, काय पाहिलं, काय शोधलं. काही सापडलं नाही तर काहीतरी पुसून टाकलं असणार म्हणून मारायचा. हे तिने अक्कांना सांगितलं. मला कसं कळलं? एकदा तिच्या मनगटावरचा वळ माझ्याही नजरेला पडला होता. ती गेल्यावर अक्का भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, वाचकाची गोष्ट दुसऱ्याशी बोलल्या.

सोनलला वेगळं व्हायचं होतं. पोटगी, मुलीचा ताबा, तक्रार कुठे करायची, सगळं समजून घ्यायचं होतं आणि फोनवर शोधायची सोय नव्हती. बायकांच्या हक्कांवरचं एक सोप्या भाषेतलं पुस्तक अक्कांनी तिला दिलं आणि सोबत ती पाळतीवरची कादंबरी. दोन्हींना सारखंच कव्हर. "कुनी इचारलं तर वरचं दाखव. आन् ते वाचबी, म्हंजी गोष्ट सांगता येईल," त्यांनी बजावलं.

झालं भलतंच. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी एका दुपारी विचारलं, काय वाचतीस गं? सोनलने कादंबरी सांगायला सुरुवात केली आणि सासूबाई अडकल्या. रोज दुपारी भांडी झाली की दोघी शेंगा फोडत बसायच्या आणि सासूबाई विचारायच्या, "मंग त्या पोरीचं फुडं काय झालं?" सोनल एकेक प्रकरण पुरवून सांगायची, कारण तेवढ्या आठवड्यांत तिला दुसरं पुस्तक संपवायचं होतं. अक्का हे सांगताना तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यांना इतकं खुशीत मी नंतर पाहिलं नाही.

वाचनालयाचे अध्यक्ष आप्पा. भला माणूस, पदरचे पैसे घालून कपाटं करून देणारा. त्यांच्या मनाने घेतलं की वाचनालय डिजिटल करायचं. संगणक आला, अॅप आलं, आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज एक संदेश आपोआप पडू लागला: 'आजचे वाचक'. नाव, पुस्तकाचं नाव आणि शेवटी गुलाबाचं फूल. अक्का बैठकीत उभ्या राहिल्या.

"आप्पा, वाचनाऱ्याचं नाव असं चावडीवर टांगायचं नसतं."

"आवो अक्का, चांगलीच गोष्ट हाय की. एकाचं बघून दुसरा वाचंल. लपवायला काय चोरी हाय व्हय?"

"चोरी न्हाई. त्याचं त्याचं हाय."

आप्पांना ते खरोखरच कळलं नाही. पुस्तकं वाचणं हे चांगलं काम, आणि चांगलं काम झाकून कशाला ठेवायचं? सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग अक्कांनी आपला उपाय काढला. दिलेलं प्रत्येक पुस्तक त्या स्वतःच्या नावावर टाकू लागल्या. ग्रुपवर रोज येऊ लागलं: अक्का, मोटार दुरुस्ती. अक्का, पोलीस भरती. अक्का, गरोदरपणातील आहार. गाव हसून लोटपोट झालं. लोक अंगठे टाकायचे, कुणी पेढे मागायचं. आप्पा मात्र भडकले आणि त्यांनी शिरूरहून एक ऑपरेटर नेमला. अक्कांनी टेबल सोडलं नाही. तो मशीन पुढे करायचा, त्या पुस्तक मांडीखाली घ्यायच्या. असं किती दिवस चालणार होतं कोण जाणे.

अक्का भाचीच्या लग्नाला गेल्या त्या दिवशी सोनल पुस्तकाची मुदत वाढवायला आली. ऑपरेटरने कव्हर टरकावलं, कारण स्टिकर कागदावर टिकत नाही. आतल्या पुठ्ठ्यावर स्टिकर चिकटवलं, मशीन फिरवलं आणि "झालं मॅडम" म्हणाला. त्याचा हेतू वाईट नव्हता, त्याला काही माहीतच नव्हतं. सोनल ते उघडं पुस्तक भाजीच्या पिशवीत तळाशी घालून घरी गेली. ती पोचण्याआधी संदेश पोचला होता. सौ. अमुक अमुक, पुस्तक: घटस्फोट, पोटगी व स्त्रियांचे हक्क, गुलाबाचं फूल. खाली अंगठे पडत गेले. आप्पांनी लिहिलं, 'अभिनंदन सूनबाई, असेच वाचत राहा.' नवरा कंपनीच्या कँटीनमध्ये जेवत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही पुस्तकं आणून अक्कांच्या टेबलावर आपटली. सोनलला दौंडकडच्या माहेरी पोचवलं होतं. मुलगी ठेवून घेतली होती.

अक्का माझ्या मोटारसायकलवर मागे एका बाजूला बसून दौंडला आल्या. न्हावऱ्यावरून भीमेचा पूल ओलांडून चौफुल्याला, तिथून पुढे उसातून, गुऱ्हाळांच्या वासातून. कादंबरी कव्हर घालून पिशवीत घेतली होती. "तिचं शेवटचं परकरन ऱ्हायलंय," वाटभर एवढंच म्हणाल्या.

घर सापडलं. दारावर कॅमेरा होता. आता गावोगावी असतात तसा, घरातला माणूस कुठूनही फोनवर दार पाहू शकतो. सोनल बाहेर आली. ओठ सुजलेला. तिने आधी वर कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"पुस्तकं नकोत बाई आम्हाला," ती मोठ्याने म्हणाली. "हितं कुनी वाचत न्हाई."

अक्कांनी पिशवी खांद्यावर घेतली आणि फेरीवाल्या बाईच्या सुरात म्हणाल्या, "बरं बाई. चुकून आलो." सोनलने दार लावलं. परतीच्या वाटेवर पुलाजवळ अक्कांनी गाडी थांबवायला सांगितली आणि रस्त्याच्या कडेला बसून त्या ढसाढसा रडल्या. मी उगाच गाडीची चेन तपासत राहिलो.

"त्या पुस्तकात केवढी मोठी बिल्डिंग दाखिवलीय," त्या शेवटी म्हणाल्या. "केवढी हुशार मान्सं. आपल्यात हुशारी लागलीच न्हाई रे. एक गुलाबाचं फूल बास झालं."

त्यानंतर अक्का नुसत्या बसून असायच्या. ऑपरेटरने उरलेली कव्हरं काढून रद्दीत घातली, तरी त्या काही बोलल्या नाहीत. लोक पुस्तकं न्यायला कमीच येऊ लागले. जे यायचे ते थोरांची चरित्रं न्यायचे, कारण संध्याकाळी ग्रुपवर नाव येणार होतं. माझ्या ओळखीचा एक जण तर चरित्र न उघडताच परत करायचा.

एका दुपारी मी तिथेच असताना सोनलच्या सासूबाई आल्या. आधी दाराबाहेर चपला काढून उभ्या राहिल्या. ऑपरेटर जेवायला गेला होता.

"अक्का, त्या गोष्टीतल्या पोरीचं फुडं काय झालं वो?"

फाटलेल्या पानाचा शेवट मला हातवारे करून सांगणाऱ्या अक्का. मला वाटलं, आता सांगतील.

"म्या न्हाई सांगायची," त्या म्हणाल्या. मग उठल्या, खणातून कादंबरी काढली. त्या एका पुस्तकाचं कव्हर त्यांनी जपलं होतं. "हे घिऊन जावा. माझ्या नावावर ऱ्हाऊ द्या."

"मला कुठं वाचाय येतंय?"

"जिला येतंय तिच्याकडं जावा. दौंड काय लंकेत न्हाई."

सासूबाईंनी पुस्तक पदराखाली घेतलं. जाताना त्यांनी अक्कांचे हात धरले, अक्कांनी ते सोडवून घेतले नाहीत. त्या दिवशी अक्का बऱ्याच दिवसांनी मिश्री लावायला बसल्या आणि मला म्हणाल्या, "जाईल ती. गोष्टीपाई का हुईना, जाईल."

थंडीत अक्कांना न्यूमोनिया झाला आणि त्या गेल्या. चौकात मोठा फ्लेक्स लागला, त्यावर त्यांचा फोटो, जो काढायला त्यांनी जन्मात कुणाला परवानगी दिली नव्हती. आप्पा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली होती, तेवढ्यात अॅपने आपला नेहमीचा संदेश टाकला: 'सदस्य अक्का यांच्याकडील पुस्तकाची मुदत संपली आहे, कृपया त्वरित परत करावे.' खाली लोक हात जोडतच राहिले. बहुतेकांनी तो वाचलाही नसेल.

मी सोनलच्या सासरी गेलो. नवरा कामावर होता, नात शाळेत. सासूबाई मागच्या दारी खोल्यांच्या बाजूला बसल्या होत्या. मांडीवर ते पुस्तक, कव्हर तसंच, एकही घडी न मोडलेली.

"गेला नाहीत?" मी विचारलं.

"पोरगा म्हनतो, गेलीस तर तूबी तिकडंच ऱ्हा." त्यांनी पुस्तकावरून हात फिरवला. "नातीला कोन बघंल मंग?"

मला अक्कांची आठवण आली. मी म्हणालो, "मी वाचून दाखवतो शेवटचं प्रकरण. आत्ताच. वेळ लागणार नाही."

सासूबाईंनी पुस्तक पोटाशी धरलं.

"नगं," त्या म्हणाल्या. "तिच्याच तोंडून ऐकायचंय."

त्यानंतर दिवाळी येऊन गेली. सोनल परत आलेली नाही, तिच्या मुलीला आई आठवते का तेही मी कुणाला विचारलेलं नाही. अॅप अजून अक्कांचं नाव घेऊन पुस्तक मागतं. परवा आप्पांनी मला थांबवून विचारलं, "तुम्ही त्यांच्याकडं लई बसायचा. कुणाला दिलं असंल वो त्यांनी ते?"

मला माहीत नाही, असं मी सांगितलं.