माळ कमरेपर्यंत आली तेव्हा

त्या उन्हाळ्यात वडिलांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. दापोऱ्यात आमच्या घराला लागूनच केळीची बाग होती. पानांतून गाळून येणारा हिरवट उजेड खाटेवर पडायचा आणि वडील मला पाण्याखाली झोपल्यासारखे दिसायचे. मी तासन्‌तास त्यांच्याकडे बघत बसे.

आमच्या घरात दारू कुणी पीत नाही, असं आई शपथेवर सांगायची. वडील रोज जेवणानंतर मोहाची घेत, पण तिला आमच्याकडे ‘औषध’ म्हणत. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, तेलात न्हालेलं भरीत. एवढं जड अन्न पचायला औषध नको? म्हणून बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी दारूचं विचारलं तेव्हा आईनं सरळ ‘नाही’ म्हटलं. पण डॉक्टर मुरलेले होते. वडिलांचं पोट दाबून ते म्हणाले, "मऊ भात, ताक, उसाचा रस. आणि औषध म्हणूनसुद्धा एक थेंब नको. लिव्हर सुजलंय, जिवावर बेतेल."

आईनं बाटली कोठीमागे लपवली. मला जागा ठाऊक होती.

मग जैनाबादहून एक म्हातारी आली. तिनं वडिलांच्या डोक्यावर दोऱ्यात बांधलेल्या काड्यांची माळ ठेवली. काड्या सुकल्या की गाठी सैल होतात आणि माळ लांबत जाते. ती खाली उतरली की कावीळ उतरली, असं सगळे मानत. भेटायला येणारे नातेवाईक राज्यांच्या नव्या वाटणीत आपलं गाव मध्य प्रदेशात राहणार की मुंबईकडे जाणार यावर भांडत आणि एक डोळा माळेवर ठेवत. त्या शहाण्यांचा मला अजून राग येतो.

एका दुपारी माळ कमरेपर्यंत आली. आई विहिरीवर गेली होती.

"बेटा, उतरली न कावीळ? मंग जरासं औषध दे. पोट जड लागून राह्यलं."

मी आनंदानं ग्लास भरला. मग रोज दुपारी भरू लागले.

पावसाळा सरता सरता त्यांच्या पोटात पाणी झालं. डॉक्टरांनी तडकून विचारलं, "दारू दिली कुणी?" मी दाराआड थिजले.

"कोनी नाही दिली," वडील म्हणाले. "मीच उठून घेत होतो."

महिनाभर त्यांना आधाराशिवाय उठता येत नव्हतं, हे आईला माहीत होतं. ती काही बोलली नाही. वडील गेल्यावरही बोलली नाही. एकदा तरी ती माझ्यावर ओरडायला हवी होती.